‘माझी आई’ निबंधाच्या आधी: फॉस्टर मुलाला शाळेत पाठवताना

तिसऱ्या दिवशी मी तिचं दप्तर उचललं आणि हाताला वजन लागलं. तिसरीतल्या मुलीचं दप्तर इतकं जड कसं, म्हणून चेन उघडली. दोन पुस्तकं, एक वही, आणि त्याखाली दोन फ्रॉक, स्वेटर, कंगवा, बालगृहातून आणलेली साबणाची डबी. सगळा संसार पाठीवर घेऊन ती शाळेत जात होती. संध्याकाळी परत इथंच यायचं आहे, हे तिला पटलेलं नव्हतं. पटावं असं तिच्या आठ वर्षांत काही घडलंही नव्हतं.

मी चेन लावली आणि दप्तर होतं तिथं ठेवून दिलं. त्या दिवशी एवढं एक मला बरोबर सुचलं. बाकी पहिल्या दोन महिन्यांत चुकाच जास्त झाल्या. त्या चुका, आणि पुढे इतर फॉस्टर पालकांशी, बाईंशी, समुपदेशक ताईंशी बोलून जे शिकले, ते नव्याने या वाटेवर येणाऱ्यांसाठी इथं लिहिते आहे. मुलीचं नाव, गाव, शाळा लिहिणार नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं. कायदा नसता तरी मी लिहिलं नसतं.

आधी एक खुलासा. कागदोपत्री याला ‘प्रतिपालकत्व’ म्हणतात, बोलताना सगळे ‘फॉस्टर’च म्हणतात. हे दत्तक नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ प्रमाणे बाल कल्याण समिती (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी सरकारी समिती) आदेश काढते आणि मूल काही काळासाठी आपल्याकडे राहायला येतं. योजना साधारणपणे सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे, म्हणजे आपल्या घरात येणारं मूल शाळेच्या वयाचंच असतं आणि येताना शाळेचा प्रश्न घेऊनच येतं. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनंतर एकट्या स्त्री-पुरुषांनाही फॉस्टर पालक होता येतं, त्यामुळे आता अशा घरांत ‘आई’ आणि ‘बाबा’ दोन्ही असतीलच असं नाही. भाचा किंवा नात सरकारच्या बालसंगोपन योजनेखाली सांभाळणाऱ्या आज्या, माम्या यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पहिलं काम: शाळा बदलायलाच हवी का?

हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मीही विचारला नाही. घर बदललं की शाळा बदलायची, असं आपण धरूनच चालतो. पण मुलाचं घर गेलं, भावंडं कदाचित वेगळी झाली, ताटली-वाटी बदलली. एक शाळा तेवढी जुनी राहणार असेल, ओळखीचे एक बाई नि एक मैत्रीण राहणार असेल, तर रिक्षाचे पैसे घाला आणि तीच शाळा ठेवा. अंतर फारच असेल तर मग नाइलाज.

शाळा बदलायचीच असेल तर कागदांची भीती बाळगू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ५ सांगतं की जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही, ते कलम १४. आणि कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं, मागे राहिलेलं शिकवायला विशेष प्रशिक्षण द्यायचं. ‘दुसरीत बसवू, सोपं जाईल’ असं कुणी प्रेमाने सुचवलं तरी नाही म्हणा. आपल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मुलांत बसलेलं मूल अभ्यासात सावरेल कदाचित, पण ‘मी ढ आहे’ हे त्याच्या मनात त्याच दिवशी पक्कं होतं.

समितीच्या आदेशाच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. प्रवेश अर्जात मुलाचं नाव आणि आडनाव दाखल्यावर आणि आदेशात असेल तेच लिहायचं. मायेपोटी आपलं आडनाव लावू नका. त्याने कागद तर अडतीलच, शिवाय त्या मुलाचं स्वतःचं म्हणून जे मोजकं आहे त्यात आडनाव असतं. आईच्या नावाच्या रकान्यात काय लिहायचं, सही कोणत्या नात्याने करायची, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या मॅडमना आधीच विचारून घ्या. शाळेच्या ऑफिसात खिडकीपाशी उभं राहून, मूल शेजारी असताना, ही चर्चा होऊ देऊ नका. आमच्या वेळी ती झाली. क्लार्कने मोठ्याने विचारलं, “मग खरी आई कुठंय?” आणि मुलगी माझ्या ओढणीचं टोक चघळत उभी होती.

दुसरं काम: बाईंना भेटणं, मुलाला न घेता

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक या दोघांनाच भेटा. स्टाफरूममध्ये नको. काय सांगायचं हे घरीच कागदावर लिहून न्या, नाहीतर समोर बसल्यावर आपण भावुक होऊन सगळी करुण कहाणी सांगून मोकळे होतो.

मूल आपल्याकडे समितीच्या आदेशाने राहतं, घेऊन जायला कोण येणार, कोणाच्या हाती द्यायचं नाही, कशाने घाबरतं, आणि घाबरल्यावर कसं दिसतं, एवढं सांगा. शेवटचं फार महत्त्वाचं. आमची घाबरली की रडत नसे, हसत असे. बाई रागावल्या की ही दात काढायची, बाई आणखी रागवायच्या. तो उर्मटपणा नाही, हे एकदा कळल्यावर बाईंनी पद्धत बदलली. काही मुलं घाबरली की झोपतात, काही बाकाखाली जातात, काही शेजाऱ्याला चिमटे काढतात.

आई-वडिलांचं काय झालं, मूल संस्थेत का गेलं, घरी काय सोसलं, हे मात्र सांगायचं नाही. ती माहिती आपल्या मालकीची नाही. एका बाईंना विश्वासाने सांगितलेलं महिन्याभरात तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या आईला कळलेलं असतं. लोक वाईट नसतात, ‘बिच्चारी’ म्हणण्यापुरतंच बोलतात. पण ‘बिच्चारी’ या शब्दाने जेवढं नुकसान होतं तेवढं रागावण्याने होत नाही, असं माझं आता ठाम मत आहे.

याच भेटीत शाळेच्या वर्षभरातल्या सुरुंगांची यादी काढा. आपल्या शाळांत ते ठरलेले आहेत. ‘माझी आई’ हा निबंध. ‘माझे कुटुंब’ हा तक्ता, फोटो चिकटवून. परिसर अभ्यासातला कुटुंबवृक्ष. आजी-आजोबा दिवस. ‘लहानपणीचा फोटो आणा.’ माहेर-सासर, मामाचा गाव, दिवाळीच्या सुट्टीत कुठे गेलात. आपल्या मुलाला यातून वगळा असं सांगू नका, कारण वर्गात एकट्यानेच काही न करता बसणं ही वेगळीच शिक्षा. विषय सगळ्या वर्गासाठीच थोडा सैल करा, असं सुचवा.

आमच्या बाईंनी हे मनावर घेतलं. ‘माझी आई’च्या जागी ‘माझी आवडती व्यक्ती’ असा निबंध सगळ्या वर्गाला दिला. मला वाटलं, माझ्यावर लिहील. तिने लिहिलं बालगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशींवर. त्या हिच्यासाठी भाताची खरपूड काढून ठेवायच्या, वर मीठ भुरभुरून. साडेनऊ ओळींचा निबंध होता आणि त्यात माझं नाव कुठंच नव्हतं. टोचलं मला, खोटं कशाला सांगू? रात्री नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, “तिच्याकडे लिहायला कुणीतरी होतं, हे बघ ना.” दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भात खाली लागू दिला.

तिसरं: ‘ही तुझी कोण?’ याचं उत्तर

हा प्रश्न पहिल्या आठवड्यात येतो. डबा खाताना, नळावर, शौचालयाच्या रांगेत. मोठी माणसं तिथं नसतात. मुलाकडे उत्तर नसेल तर ते खोटं बोलतं आणि मग ते खोटं निभावत बसतं. एका ओळखीच्या मुलाने वडील सैन्यात आहेत असं सांगितलं होतं. पंधरा ऑगस्टला वर्गाने ‘बाबांना वर्दीत घेऊन ये’ म्हटल्यावर त्याने शाळेत जायचंच सोडलं. घरच्यांना वाटत होतं, गणिताला घाबरतो.

म्हणून उत्तर आधी घरी तयार करायचं. छोटं, खरं आणि पुढचा प्रश्न थांबवणारं. ‘मी काकूंकडे राहते’ एवढं पुरतं. ‘का?’ असं विचारलं तर ‘ते आमच्या घरचं आहे’. आणि लगेच आपणच विषय बदलायचा, ‘तुझ्या डब्यात काय?’ आम्ही हे मटार सोलताना खेळलो. मी खोचक मुलगी व्हायची, ती उत्तर द्यायची. मग उलट. ती खोचक मुलगी झाली तेव्हा तिने मला जे प्रश्न विचारले, त्यावरून बालगृहातून ज्या शाळेत ती जायची तिथं तिला काय काय ऐकावं लागलं असेल, ते मला कळलं. मी काही बोलले नाही, मटार सोलत राहिले.

आपल्याला काय हाक मारायची हे मुलाला ठरवू द्या. काकू, मावशी, ताई, नावाने, काहीही. ‘आई म्हण’ असा आग्रह नको, आणि एके दिवशी चुकून म्हटलं तर डोळ्यांत पाणी आणून त्याचा सोहळाही नको.

सकाळचं पोट दुखणं

इथं थोडा वेळ थांबते, कारण सगळे पालक इथंच अडकतात.

आमची शाळा साडेदहाची. दहा वाजले की हिचं पोट दुखायचं. सोमवारी सगळ्यात जास्त. रविवारी कधीच नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, नाटक आहे. नाटक नव्हतं. घाबरलेल्या मुलाचं पोट खरंच दुखतं, मळमळ खरी असते, हात खरोखर गार पडतात. परीक्षेच्या दिवशी आपलं होत नव्हतं का?

एकदा डॉक्टरांना दाखवा. जंत, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ, डोळ्यांचा नंबर, कान, हे तपासून घ्या. संस्थेतून आलेल्या मुलांच्या या गोष्टी राहून गेलेल्या असू शकतात. फळा न दिसणाऱ्या मुलीला आपण शाळेची भीती घालवायला समजावत बसू आणि तिला लागेल चष्मा. शाळेतल्या शौचालयाबद्दलही विचारा. कडी नसलेल्या दाराला घाबरून सकाळपासून पाणी न पिणारी मुलं मी पाहिली आहेत.

शरीराचं काही नाही असं कळलं की मग दोन चुका टाळायच्या. एक, ‘काही नाही होत, चल’ म्हणून ओढत नेणं. दुसरी मी केली, माया करून घरी ठेवणं. घरी राहिली की अकरा वाजता पोट थांबायचं, टीव्ही लागायचा, मऊ भात मिळायचा. भीतीपासून पळालं की लगेच बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणून उद्या भीती दुप्पट होऊन येते. तीन दिवस ठेवली, चौथ्या दिवशी ती रिक्षात चढेना.

समुपदेशक ताईंनी पायऱ्या करून दिल्या. पहिले दोन दिवस फक्त फाटकापर्यंत जायचं, बाईंना हात करायचा, परत यायचं. मग परिपाठ आणि पहिला तास. मग दुपारच्या खिचडीपर्यंत. मग पूर्ण दिवस. एका पायरीवर दोन-तीन दिवस, मुलाचा श्वास जरा खाली बसला की पुढची. मागच्या पायरीवर यायची वेळ आली तर आरडाओरडा न करता यायचं, पण घरी बसायचं नाही. मुख्याध्यापकांना हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर हजेरीपटावरून नोटीस घरी येते. ज्या दिवशी अगदीच घरी राहणं झालं, त्या दिवशी घर कंटाळवाणं ठेवा. टीव्ही नाही, मोबाइल नाही, शाळेच्या वेळेत अभ्यास. रागाने नव्हे, अगदी सहज.

माझा अनुभव असा की या मुलांच्या मनातला प्रश्न बऱ्याचदा गणिताचा नसतो. मी शाळेत असताना घरी काय होईल, कुणी निघून जाईल का, मला घ्यायला कुणी येईल का, हा असतो. त्यामुळे सकाळच्या समजावण्यापेक्षा संध्याकाळची वेळ पाळणं जास्त कामाला येतं. ‘पाच वाजता, पिंपळाच्या पाराशी, मी किंवा काका. तिसरं कुणी येणार नाही.’ रोज तेच वाक्य, रोज तीच जागा. शाळा सुटायच्या पाच मिनिटं आधी तिथं उभं राहायचं.

मी दीड महिना पाळलं. मग एका शनिवारी, सकाळची शाळा, साडेअकराला सुटते, मी दुकानात हिशेब करत बसले आणि दहा मिनिटं उशिरा पोचले. दहाच. ती ऑफिसच्या पायरीवर दप्तर छातीशी धरून बसली होती. रडली नाही. रिक्षात बोलली नाही. सोमवारी दप्तर परत जड झालं.

मी तिला काय सांगावं हे दोन दिवस कळेना. शेवटी मंगळवारी रात्री म्हटलं, “शनिवारी मला उशीर झाला. माझी चूक झाली. तू मनात काय म्हणालीस?” ती म्हणाली, “काही नाही. मला माहीत होतं.” त्यानंतर आम्ही एक नियम केला: उशीर होणारच असेल तर मी शाळेत फोन करणार आणि बाई तिला निरोप देणार, ‘काकू दहा मिनिटांत येतात’. तो निरोप वर्षभरात दोनदाच द्यावा लागला. पण माझा नंबर तिने पाठ केला आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात पेनाने लिहिलाही.

सोबत घराची एखादी खूण देता आली तर द्या. माझा जुना रुमाल चालला. एका घरी मुलाला कुलपाची जादा किल्ली गळ्यात घालायला दिली होती. ते कुलूप त्या घरात केव्हाच वापरात नव्हतं, पण किल्ली खरी होती.

अभ्यास

याबद्दल थोडक्यात. कोणत्या इयत्तेत आहे ते विसरा आणि वाचन कुठे तुटलंय ते शोधा. जोडाक्षरांवर अडतं का? हातचा घेताना? तिथून रोज अर्धा तास, त्याहून जास्त नाही. लगेच क्लास लावू नका. शाळेनंतर आणखी एका अनोळखी खोलीत आणखी एका अनोळखी सरांसमोर बसवून काही साधत नाही. भाजी आणताना सुटे पैसे तिच्या हाती द्या, बेरीज-वजाबाकी तिथं होते.

पाचवी आणि आठवीला आता महाराष्ट्रात वार्षिक परीक्षा असते, नापास झाल्यास फेरपरीक्षेची संधी मिळते. या दोन इयत्तांत आलेल्या मुलाच्या बाबतीत वर्षाच्या सुरुवातीलाच बाईंशी बोलून ठेवा, मार्चमध्ये नको.

आणि ‘उशीर झालाय का?’ हा प्रश्न मनात येतोच. रुमानियात बुखारेस्टला २००० नंतर १३६ लहान मुलांवर झालेला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. संस्थांमधली निम्मी मुलं फॉस्टर कुटुंबांत ठेवली गेली आणि ती बुद्धीच्या चाचण्यांत संस्थेत राहिलेल्यांपेक्षा पुढे गेली. दोन वर्षांच्या आत कुटुंबात आलेल्यांना त्याचा फायदा सगळ्यात जास्त झाला. आपल्याकडे मूल येतं ते सहा, आठ, बारा वर्षांचं होऊन. त्यामुळे घाई करून चालत नाही, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला.

‘मला नाही येत’

आत्मसन्मान वाढवायचा म्हणून आम्ही आधी स्तुतीचा पाऊस पाडला. वाकडं घर काढलं तरी ‘अप्रतिम! असं चित्र मी पाहिलंच नाही!’ तिने दुसऱ्या दिवसापासून चित्र काढणंच बंद केलं. पुढे कळलं की यावर अभ्यासही झालेला आहे. नेदरलँड्समधले संशोधक एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की ज्या मुलांना स्वतःबद्दल कमी वाटतं, त्यांनाच मोठी माणसं फुगवून शाबासकी देतात, आणि अशी शाबासकी मिळाल्यावर तीच मुलं पुढचं अवघड काम टाळतात. साहजिक आहे. ‘अप्रतिम’च्या पुढे काय काढणार? पुढचं साधं निघालं तर पितळ उघडं पडणार.

आता मी दिसतं ते बोलते. ‘कौलं एक-एक करून काढलीस.’ ‘खोडलंस आणि परत केलंस.’ बस्स. त्यात तिला नाकारण्यासारखं काही नसतं.

शाबासकीपेक्षा काम जास्त उपयोगी पडलं. घरातलं एक काम असं हवं की ते मुलाने केलं नाही तर खरंच अडेल. आमच्याकडे दुधाचा हिशेब तिचा. कॅलेंडरवर रोजचं अर्धा लिटर, एक लिटर मांडायचं, महिनाअखेर गवळ्याला सांगायचं. एकदा तिने गवळ्याची तीन दिवसांची चूक पकडली. तो म्हणाला, “ताई, तुमचं बरोबर.” त्या ‘ताई’ने आणि ‘तुमचं’ने जे केलं ते आमच्या सगळ्या ‘अप्रतिम’ने केलं नव्हतं. (काम म्हणजे राबवून घेणं नव्हे. भांडी, धुणं, लहान बाळ सांभाळणं असलं काही गळ्यात मारून त्याला ‘जबाबदारी’ म्हणायचं नाही. आपल्या घरच्या मुलाला जे सांगितलं नसतं ते हिलाही नाही.)

शाळेतही असं एखादं काम मिळतं का बघा. खडू आणणं, वाचनालयाच्या वहीत नोंद करणं, रोपांना पाणी. परिपाठात सुविचार वाचणं मात्र पहिल्या महिन्यात नको.

एक वही करा. तिला आम्ही ‘माझी वही’ म्हणतो. कुठे जन्मली, कोणत्या संस्थेत किती वर्षं, तिथल्या मैत्रिणी, पहिला दात कधी पडला, जे माहीत आहे ते. माहीत नाही तिथं जागा सोडायची, बनवून लिहायचं नाही. शाळेने लहानपणीचा फोटो मागितला तर त्या वहीतून काहीतरी निघतं. आमच्याकडे निघाला बालगृहाच्या स्नेहसंमेलनातला फोटो, बावीस मुलांचा, त्यात ती डावीकडून पाचवी.

आणि जन्मदात्या आई-वडिलांबद्दल वाकडा शब्द नाही. फोनवरही नाही, ती झोपलीय असं समजूनही नाही. ‘मी त्यांचीच आहे’ हे मुलाला माहीत असतं. ते वाईट, असं ऐकलं की ‘म्हणजे मीही’ हा हिशेब ते स्वतःच मांडतं. समितीच्या परवानगीने आईची भेट होत असेल तर भेटीनंतरचे दोन दिवस शाळेत धुसफुस होणार हे धरून चाला आणि बाईंना आधी कळवा. भेट रविवारी न ठेवता शुक्रवारी संध्याकाळी ठेवता आली तर बघा, मध्ये शनिवारची अर्धी शाळा आणि एक रविवार मिळतो. भेटीचा परिणाम वाईट दिसला म्हणून भेटच बंद करा, असं घाईने समितीला सांगू नका.

तक्रार आली तर

येणारच. दुसऱ्याचा डबा खाल्ला, पेन उचललं, ढकललं. डबा घरून भरगच्च जातो आणि तरी दुसऱ्याचा खाते, यात भूक पोटाची नसते. आम्ही दप्तराच्या बाहेरच्या खणात चिक्कीचे दोन तुकडे कायम ठेवले, ‘हे तुझेच, कधीही खा’. महिनाभर ते रोज संपत. नंतर मुंग्या लागेपर्यंत पडून राहायला लागले.

शाळेने मारलं, अंगठे धरून उभं केलं, सगळ्यांसमोर ‘अनाथ’ म्हटलं, तर गप्प बसायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घालतं. आधी मुख्याध्यापकांना भेटा, मग लेखी द्या, पोच घ्या. मात्र भांडण मुलासमोर नको. ‘माझ्यामुळे झालं’ असं त्याला वाटतं आणि पुढचं काही घडलं तर ते सांगत नाही.

बाहेरची मदत कधी

पायऱ्या करूनही दोन-तीन आठवडे मूल शाळेत जात नसेल, झोप आणि खाणं मोडलं असेल, अंथरूण ओलं होणं नव्याने सुरू झालं असेल, स्वतःला ओरखडत किंवा मरणाचं बोलत असेल, तर वाट पाहू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे समुपदेशक आहेत, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मूल धोक्यात असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८.

मुलाने कधी लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, ‘बरं केलंस सांगितलंस’ म्हणा. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

समितीकडून दर महिन्याला पाहणी व्हावी असं कायद्यात आहे. त्या दिवशी घर चकाचक करून ‘सगळं छान’ म्हणायचा मोह होतो. शाळेचं जे अडलंय ते त्याच दिवशी सांगा, लिहून द्या. मूल काढून नेतील या भीतीने मी पोटदुखीचं पहिल्या भेटीत लपवलं आणि समुपदेशक ताई मिळायला तेवढाच महिना उशीर झाला.

निघायची वेळ

फॉस्टर संपू शकतं. आई सावरते, मामा पुढे येतो, समितीचा नवा आदेश येतो. शाळेच्या बाजूने त्याची तयारी शक्यतो आदेशाची कुणकुण लागल्यापासूनच करा. वर्गातून मूल एका सोमवारी नुसतंच दिसेनासं झालं, असं होऊ देऊ नका. बाईंना सांगून एक दिवस ठरवा, वर्गाला चॉकलेट वाटू दे, मैत्रिणीचा पत्ता वहीत लिहून घेऊ दे. चालू वर्षात जात असेल तर सत्राच्या मध्ये न हलवता परीक्षा झाल्यावर हलवता येईल का, हे समितीला विचारायला हरकत नाही, विचारल्याने काही बिघडत नाही.

जाताना बरोबर द्यायचं ते असं: शाळा सोडल्याचा दाखला मूळ आणि तीन झेरॉक्स, प्रगतिपुस्तक, आधार, लसीकरणाचं आणि चष्म्याच्या नंबरचं कार्ड, ‘माझी वही’. आणि नव्या वर्गशिक्षकांसाठी एका पानाची चिठ्ठी, पाकिटात बंद करून, न्यायला येणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात. त्यात फक्त उपयोगाचं लिहा. मी आमच्या मुलीची लिहून ठेवली आहे, अजून द्यायची वेळ आलेली नाही. पहिली ओळ अशी आहे: ‘घाबरली की हसते. कृपया रागावू नये. दप्तर जड वाटलं तर उघडू नये, दोन दिवस थांबून मग संध्याकाळी कोण न्यायला येतं ते बघावं.’